घर जळाले, शिबीर चालूच!

२९ मार्च २०१९. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात न्यू मार्केट नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाबाहेरच्या डोंगरावर भल्या पहाटे एक इमारत पेटली. दिवस वर येईपर्यंत तिची राख झाली होती. आत कोणी नव्हते म्हणून माणसे वाचली. पण कचेरी गेली. कचेरीत जपलेली अनेक दशकांची कागदपत्रे, भाषणे आणि आठवणीच्या वस्तू गेल्या. राखेच्या शेजारी, गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर, रंगाने काढलेली एक खूण सापडली. उभ्या-आडव्या रेघांची ती खूण १९३०च्या दशकात रुमानियातले फॅसिस्ट मिरवत असत. बरोबर दोन आठवड्यांपूर्वी, १५ मार्चला, न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये मशिदींत शिरून ५१ माणसांचे बळी घेणाऱ्याच्या हत्यारांवरही तशीच खूण होती. आग कोणाच्या डोक्यातून आली असेल, हे सांगायला त्या रेघा पुरेशा होत्या.

जळालेली इमारत 'हायलँडर' या संस्थेची होती. चळवळीचे कार्यकर्ते घडवणारी ती शाळा आहे. वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुण सैनिकांची ती छावणी होती, असे म्हटले तरी चालेल. त्यांच्या खांद्यावर बंदूक नव्हती आणि अंगावर गणवेशही नव्हता. पण शिस्त सैनिकाची होती आणि निष्ठाही सैनिकाचीच होती.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडे एक इमारत जळाली, त्याचे आम्हाला काय? आम्ही सांगतो. निग्रो समाजाचा लढा आणि अस्पृश्यांचा लढा यांचे नाते बाबासाहेबांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या थोर निग्रो विचारवंताला पत्र लिहिले, ते या ओळखीतूनच. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले ब्लॅक पँथर होते. आणखी एक धागा तर थेट आमच्या नागपुरातून जातो. जेम्स लॉसन नावाचा तरुण कृष्णवर्णीय मिशनरी १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. तो आला होता गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करायला. त्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मक्रांतीचा महासागर उसळला. लॉसन मायदेशी परतले आणि नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना प्रतिकाराचे शिक्षण देऊ लागले. फेब्रुवारी १९६० मध्ये या विद्यार्थ्यांनी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खानावळींत बसून सत्याग्रह केला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेतले जे विद्यार्थी हायलँडरच्या शिबिराला जमले, त्यांत ही मुलेही होती. तेव्हा हा विषय परका नाही. तो आमचाच आहे.

हायलँडरची स्थापना १९३२ची. मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट या दोन गोऱ्या तरुणांनी टेनेसीतल्या माँटईगल गावाजवळच्या डोंगरात ती काढली. हॉर्टन डेन्मार्कला जाऊन तिथल्या लोकशाळा पाहून आले होते. या शाळेत परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, फळ्यापुढे उभा राहून व्याख्यान झोडणारा मास्तरही नव्हता. सुरुवातीला खाणकामगार, लाकूडतोडे आणि गिरणीकामगार आले. त्यांना गोल बसवायचे, तुमचा प्रश्न काय ते विचारायचे, आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. गावी परतल्यावर उद्या काय करणार, हे प्रत्येकाने सांगितल्याशिवाय शिबीर संपत नसे.

या शाळेचा एक नियम मात्र त्या काळी बॉम्बसारखा होता. येथे काळे आणि गोरे एकाच पंगतीला जेवतील, एकाच छपराखाली झोपतील आणि भांडी मिळून घासतील! टेनेसीत १९०१पासून काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणे कायद्याने गुन्हा होता. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा पाण्याला चव नवी आली नव्हती, माणसाला किंमत नवी आली होती. हायलँडरच्या जेवणाच्या मेजावर तेच घडत होते. ज्यांनी चवदार तळ्याचा अर्थ जाणला, त्यांना त्या मेजाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१९५५च्या उन्हाळ्यात या शिबिराला ४२ वर्षांची एक शिवणकाम करणारी बाई आली. नाव रोझा पार्क्स. माँटगोमेरी शहरात ती एका दुकानात कपडे दुरुस्त करायची आणि उरलेल्या वेळात काळ्या मुलामुलींचे युवक मंडळ चालवायची. सुमारे दोन आठवडे ती हायलँडरला राहिली. गोऱ्या माणसांनी रांधलेली न्याहारी आपल्याला वाढली जाते, हा अनुभव तिला आयुष्यभर पुरला. शिबिराच्या शेवटी नेहमीचा प्रश्न आला, गावी जाऊन काय करणार? पार्क्स म्हणाल्या की माँटगोमेरीतले आमचे लोक एकजुटीने उभे राहतील असे वाटत नाही, पण मी मुलांमध्ये काम करत राहीन. एवढेच! कोणतीही घोषणा नाही, कोणताही आव नाही. त्यानंतर चार महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी, याच बाईने बसमधली आपली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला. ज्या लोकांवर तिचा विश्वास नव्हता तेच लोक उठले आणि ३८१ दिवस पायी चालले. डिसेंबर १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बसमधला भेदभाव संपला. बाई थकली होती म्हणून उठली नाही, असे अमेरिकेतल्या पुष्कळ मुलांना शिकवले जाते. ते खोटे आहे. ती प्रशिक्षित कार्यकर्ती होती. चळवळीत योगायोगाने काही घडत नसते.

दुसरे उदाहरण आणखी मोलाचे आहे. दक्षिण कॅरोलिनात जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथल्या काळ्या शेतकऱ्यांना मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. वाचता येत नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून शाळा नाही, शाळा नाही म्हणून वाचता येत नाही! हे चक्र फोडायचे ठरवले एसाऊ जेन्किन्स या बसवाल्याने आणि सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने. क्लार्कबाईंना १९५६ साली सरकारी शाळेतून काढून टाकण्यात आले होते. त्यांचा अपराध एकच, चळवळीच्या संघटनेचे सदस्यत्व त्यांनी सोडले नाही. हायलँडरने त्यांना बोलावून शिबिरांची जबाबदारी दिली. जानेवारी १९५७ मध्ये बेटावरच्या एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत पहिला वर्ग भरला. पुढे किराणा, मागे शाळा. गोऱ्यांना संशय नको म्हणून ही व्यवस्था. विद्यार्थी १४. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, व्यवसायाने केशभूषा करणारी बाई. मी शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, असे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले. भिंतीवर तिने संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला. कोणाला स्वतःची सही करायची होती, कोणाला दूरच्या मुलाला पत्र लिहायचे होते. सहीपासून सुरुवात झाली आणि शेवट मतपेटीपाशी झाला. पुढे दक्षिणेत ठिकठिकाणी असे नागरिकत्वाचे वर्ग उभे राहिले.

आता सांगा, अशी शाळा सत्ताधाऱ्यांना कशी सहन होणार?

१९५७ साली हायलँडरच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला मार्टिन लूथर किंग आले होते. शेजारच्या जॉर्जिया राज्याच्या सरकारने तिथे छुपा छायाचित्रकार पाठवला. त्याने काढलेले छायाचित्र रस्तोरस्ती मोठाल्या फलकांवर झळकले. मजकूर होता की किंग कम्युनिस्टांच्या प्रशिक्षण शाळेत बसले आहेत. बदनामीचे हे तंत्र आम्हाला नवे नाही. स्वाभिमानाने उभ्या राहिलेल्या माणसाला आधी देशद्रोही ठरवायचे आणि मग त्याच्या घरावर जायचे, हा जगभरच्या विषमतावाद्यांचा जुना शिरस्ता आहे.

३१ जुलै १९५९च्या रात्री पोलिसांची धाड पडली. हॉर्टन परदेशी होते. पोलिसांनी क्लार्कबाईंना पकडले. आरोप काय, तर दारू बाळगल्याचा! त्या रात्री शिबिरात माँटगोमेरीहून आलेली शाळकरी मुलेही होती. हातात बंदुका आणि विजेऱ्या घेतलेले शिपाई अंधारात खोल्या धुंडाळत होते. तेव्हा एका चौदा वर्षांच्या आसपासच्या मुलीने गाणे सुरू केले आणि त्या जुन्या गाण्यात तिथल्या तिथे एक नवे कडवे घातले. आम्हाला भीती वाटत नाही, असा त्या कडव्याचा आशय होता. ते गाणे म्हणजे 'वी शॅल ओव्हरकम'. चार्ल्स्टनच्या तंबाखू कामगार बायांनी ते संपात गायले, हायलँडरने ते जपले आणि १९६० साली विद्यार्थ्यांच्या हाती दिले. तेच गाणे हिंदी रूपात आज आमच्या शाळांमधली मुले प्रार्थनेच्या वेळी गातात. त्यामागे बंदुकीपुढे उभी राहिलेली एक पोरगी आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

पुढे खटला झाला. परवान्याशिवाय बिअर विकली, हॉर्टन यांनी संस्थेतून स्वतःचा फायदा केला आणि काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवले, असे मुद्दे काढून न्यायालयाने संस्थेची सनद रद्द केली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दार उघडले नाही. जमीन, घरे, पुस्तके, सारे जप्त झाले आणि वर्षअखेरीस लिलाव पुकारला गेला. एकोणतीस वर्षांचा संसार रस्त्यावर आला. हॉर्टन यांनी तेव्हा हसत हसत सांगितले होते की शाळा म्हणजे एक कल्पना आहे, तिला कुलूप लावता येत नाही. हे नुसते बोलणे नव्हते. लिलावाची बोली लागण्याआधीच त्यांनी नव्या नावाने नवी सनद मिळवून ठेवली होती आणि नॉक्सव्हिल शहरात काम सुरू केले होते.

तरीही पाठलाग थांबला नाही. १९६३च्या उन्हाळ्यात टेनेसीच्या डोंगरात काळ्या-गोऱ्या तरुणांचे श्रमशिबीर भरवले गेले. पोलिसांनी धाड घालून मुलांना अटक केली आणि शिबिराचे तंबू जाळून टाकण्यात आले. म्हणजे २०१९ची आग पहिली नव्हती. काडी नवी होती, हात जुनेच होते.

मग २०१९ नंतर काय झाले? संस्थेच्या सहसंचालक अ‍ॅश-ली वुडार्ड हेंडरसन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रडत बसण्यात वेळ घालवला नाही. डोंगरावरच्या इतर इमारती शाबूत होत्या, तिथे काम चालू ठेवले. पुन्हा बांधू, असे जाहीर केले. देशभरातून हात पुढे आले. तपास मात्र कूर्मगतीने चालला. सहा वर्षांनी, २०२५ मध्ये, एका संशयितावर या जाळपोळीचा आरोप ठेवण्यात आला. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होईल. हायलँडरने मात्र आपली घडी बसवण्यासाठी न्यायालयाची वाट पाहिली नाही.

एक योगायोग आम्हाला विलक्षण वाटतो. हायलँडर तरुणांसाठी जो कार्यक्रम चालवत आली, त्याचे नाव 'सीड्स ऑफ फायर', म्हणजे अग्नीची बीजे. आग लावणाऱ्याला लाकूड जाळता आले. पण ज्यांनी मुलांच्या मनात अग्नीची बीजे पेरली आहेत, त्यांना आगीचे भय कोण दाखवणार?

ही संस्था तीन वेळा उठली, ती कशाच्या बळावर? आम्हाला तीन गोष्टी दिसतात. पहिली, तिने ज्ञान इमारतीत कोंडून ठेवले नाही. सनद जाण्याची चिन्हे दिसताच तिने १९६१ मध्ये नागरिकत्वाचे वर्ग किंग यांच्या संघटनेकडे सोपवून टाकले. संस्थेला कुलूप लागले, वर्ग चालूच राहिले. दुसरी, तिने जुन्या कागदपत्रांचा मोठा साठा विस्कॉन्सिन राज्याच्या इतिहास संस्थेत आधीच सुरक्षित ठेवला होता. म्हणून २०१९च्या आगीत बरेच गेले तरी सगळा इतिहास गेला नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, तिने माणसे घडवली. जळालेल्या घराची वीट पुन्हा रचायला घडलेली माणसे लागतात.

आता आपल्याकडे वळू या.

बाबासाहेबांनी १९२७ साली समता सैनिक दल उभे केले. महाडच्या रणसंग्रामापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत लाखोंच्या सभांची शिस्त या दलाच्या जवानांनी सांभाळली. अंगावर गणवेश, हातात काठी आणि डोक्यात समतेचा विचार! ज्यांना गावात ताठ मानेने चालण्याची बंदी होती, त्या पोरांना कवायतीने ताठ उभे राहायला शिकवले. कवायत म्हणजे पायांचा व्यायाम असे ज्यांना वाटते, त्यांना दल कळलेच नाही. गुलामीत वाकलेला कणा सरळ करणे, हा त्या कवायतीचा हेतू होता.

आगही आम्हाला नवी नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात बौद्ध वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंसारखे भीमसैनिक शहीद झाले. घरे जळाली, धान्य जळाले, पोरांची दप्तरे जळाली. तरी समाज मागे हटला नाही. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, तो सोळा वर्षे चालत राहिलेल्या पायांमुळे. २५ जून २०१६च्या भल्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन जमीनदोस्त करण्यात आले. बाबासाहेबांच्या छापखान्याची ती वास्तू पाडताना आगीची गरज लागली नाही, यंत्रे पुरली. समाज तेव्हाही लाखोंनी रस्त्यावर उतरला. घर वाचवण्यासाठी धावून जाण्यात आम्ही कधीच कमी पडलो नाही.

पण एक प्रश्न आम्हाला झोपू देत नाही. तो विचारल्याशिवाय हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

बाबासाहेबांनी १९५६ साली मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' ही शाळा काढली. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे तिची धुरा दिली. राजकारणात जाणाऱ्या तरुणाला राज्यघटना कळली पाहिजे, अर्थकारण कळले पाहिजे, सभेत मुद्देसूद बोलता आले पाहिजे, हा त्यामागचा ध्यास होता. प्रकृती साथ देत नसताना, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, बाबासाहेबांना ही शाळा काढावीशी वाटली, यातच तिचे महत्त्व आले. ६ डिसेंबर १९५६ला महापरिनिर्वाण झाले आणि पुढे काही महिन्यांतच ती शाळा बंद पडली.

वाचकहो, ती शाळा कोणी जाळली? कोणत्या न्यायालयाने तिची सनद काढून घेतली? कोणत्या राज्याने तिचा लिलाव केला? कोणीही नाही! हायलँडरला जाळले, तरी ती उभी राहिली. आमची शाळा कोणी न जाळता विझली. शत्रूने जाळलेले घर पुन्हा बांधता येते, कारण राग असतो, जिद्द असते आणि जगाची सहानुभूती असते. आपल्याच आळसाने विझलेली चूल पेटवायला मात्र कोणी शेजारी येत नाही. या सत्याला आम्ही सामोरे गेलो नाही तर दुसऱ्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही.

आज गावोगावी समता सैनिक दलाच्या शाखा आहेत, पण दल गटागटांत विभागलेले आहे. एका जयंतीच्या मिरवणुकीत दोन गटांचे जवान एकमेकांना सलामीही देत नाहीत. १४ एप्रिलला गणवेश निघतो आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुन्हा दिसतो. चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी सांभाळणाऱ्या त्या मुलामुलींना आम्ही मनापासून जयभीम करतो. उन्हातान्हात उभे राहून म्हाताऱ्या आयाबायांना रांगेत पाणी देणारी ती पोरे म्हणजे चळवळीची खरी दौलत आहे. पण ७ डिसेंबरला ती कुठे जातात? त्यांच्याशी कोण बोलते? त्यांच्या हाती कोण पुस्तक देते?

आमच्या सूचना साध्या आहेत. त्यांना मोठा निधी लागत नाही आणि कोणत्या पुढाऱ्याची परवानगीही लागत नाही.

आठवड्यातून एकदा, कवायत झाल्यावर, दलाच्या मुलामुलींना विहारात गोल बसवा. भाषण देऊ नका. तुमच्या वस्तीचा प्रश्न काय, ते विचारा. नळाला पाणी नाही? शिष्यवृत्ती अडली आहे? मतदार यादीतून नाव गेले आहे? तो प्रश्न सोडवायला पुढच्या आठवड्यापर्यंत कोण काय करणार, हे ठरवून उठा. एक बसवाला आणि केशभूषा करणारी बाई जे करू शकले, ते आमचा रिक्षावाला आणि आमची अंगणवाडी सेविका का करू शकणार नाहीत?

दुसरे, कागद जपा. वस्तीवस्तीत म्हाताऱ्यांच्या पेट्यांत जुनी पत्रके, पावती पुस्तके, परिषदांची छायाचित्रे, मोर्चाचे बिल्ले पडून आहेत. वाळवी आणि पाऊस यांना काडीही ओढावी लागत नाही. आज प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे. त्या कागदांची छायाचित्रे काढा आणि एकाहून अधिक ठिकाणी ठेवा. मूळ कागद मालकाला सन्मानाने परत करा. झोपडपट्टीतली विहारे आणि वाचनालये विजेच्या उघड्या तारांखाली उभी आहेत, हे विसरू नका. सगळी आग शत्रूच लावतो असे नाही. एक सैल जोडणीही पन्नास वर्षांचा इतिहास खाऊन टाकू शकते. ती जोडणी दुरुस्त करणे हेही चळवळीचे काम आहे.

तिसरे, मुलींना पुढे आणा. नावापुरत्या नव्हे, आज्ञा देण्यासाठी पुढे आणा. बंदुका घेतलेल्या शिपायांपुढे गाणे सुरू करणारी एक शाळकरी पोरगी होती, हे लक्षात ठेवा.

टेनेसीच्या त्या डोंगरावर राख थंड होऊन वर्षे झाली. शिबिरे चालू आहेत. रोझा पार्क्स यांना विचारलेला प्रश्न आजही नव्या तरुणांना विचारला जातो, गावी जाऊन काय करणार? तोच प्रश्न आम्ही आमच्या प्रत्येक समता सैनिकाला, आणि त्याआधी स्वतःला विचारतो. येत्या रविवारी विहाराचे दार कोण उघडणार आहे? किल्ली कोणाकडे आहे?

जयभीम!